नांग पानिंगचा किलो

सान काल्लिस्तोमध्ये कुणाला पंखा घ्यायचा असेल तर तो दुकानदाराला विचारत नाही, मॅम फिस्ताला विचारतो. दुकानदाराचं काय, त्याला सगळेच पंखे चांगले. मॅम फिस्ता पंखा घरी आणते, चौदा दिवस चालवते आणि मग जगाला सांगते की हा पंखा मान फक्त डावीकडे वळवतो, आमच्या खोलीत डावीकडे भिंत आहे, तेव्हा भिंत सध्या मजेत आहे.

तिचं पूर्ण नाव तेओफिस्ता नूफाबले. गावच्या शाळेत एकतीस वर्षं तिने गृहशास्त्र शिकवलं, त्यामुळे गावातल्या निम्म्या बायका तिच्या हाताखालून गेल्यात. तिच्या वर्गात 'चिमूटभर' हा शब्द उच्चारायला बंदी होती. कुणी चुकून म्हणालंच तर मॅम पट्टी टेबलावर आपटून विचारायची, "चिमूट कुणाची? तुझी की माझी?" आणि मग त्या पोरीला काट्यावर मीठ तोलायला लावायची. आजही गावात लग्न असलं की केकच्या पिठाशी उभी असलेली बाई आधी मागे वळून बघते, मॅम नाही ना आली.

निवृत्त झाल्यावर दुबईला नर्स असलेल्या मुलीने तिला लॅपटॉप पाठवला. आईने रोज तोंड दाखवावं एवढीच त्या बिचारीची अपेक्षा होती. पण त्याच आठवड्यात मॅमचा नवा पंखा जळला. इलोइलो शहर इथून जीपनीने, म्हणजे आमच्या खच्चून भरलेल्या लांब जीपने, तासाभरावर. मॅम पंखा मांडीवर घेऊन तिथल्या दुकानात गेली. काउंटरवरची मुलगी मधाळ आवाजात म्हणाली, "मॅम, तेवढा एक भाग सध्या शिल्लक नाही हं." आणि पुढचे पाच महिने तितक्याच मधाळ आवाजात तेच म्हणत राहिली. आमच्या इलोंगो लोकांचं बोलणंच तसं. आम्ही भांडतो तेव्हाही ऐकणाऱ्याला वाटतं की बाळाला झोपवताहेत. दुसऱ्या बेटावरच्या माणसाला आपली खरडपट्टी निघाली हे घरी पोचल्यावर कळतं.

सहाव्या महिन्यात मॅमने ब्लॉग काढला. नाव ठेवलं 'तिलावान ता आनाय', म्हणजे आधी चाखून तर बघू. नियम तीन. वस्तू पदरच्या पैशाने घ्यायची. चौदा दिवस वापरायची. आणि नाव घेऊन लिहायचं, आडपडदा नाही.

मग काय, तिला विषयांना तोटा नव्हता. एका छत्रीबद्दल तिने लिहिलं, "पहिल्या नंबरच्या, म्हणजे सगळ्यांत हलक्या वादळातच उलटी झाली. दुकानदार म्हणाला, ही उन्हाची छत्री आहे. मग पावसाची दाखवा म्हटलं, तर त्याने तीच दाखवली." शांपूच्या पुडीबद्दल लिहिलं की फाडायची खूण केलेली जागा सोडली तर ती कुठेही फाटते, ओल्या हातांनी अजिबात नाही, आणि शांपू कोरड्या हातांनी कुणी लावत असेल तर कळवावं. इंटरनेट कंपनीला तक्रारीचा फोन केला तेव्हा सत्तेचाळीस मिनिटं गाणं ऐकावं लागलं. तिचा अभिप्राय: "गाणं चांगलं आहे. इंटरनेटबद्दल आल्यावर लिहीन." आत्याबाईंच्या अंत्ययात्रेच्या गाडीवरही तिने लिहिलं. "वेळेवर आली. गाडीत गारवा उत्तम. मुख्य प्रवाशाची तक्रार ऐकू आली नाही."

लोक वाचायला लागले. नुसते सान काल्लिस्तोचे नाहीत. इलोइलोचे, मनिलाचे, आखाती देशांतून घरी फ्रिज पाठवू बघणारे. एका साबणवाल्या कंपनीने रिबीन बांधलेलं खोकं पाठवलं, छत्तीस वड्या. मॅमने ते स्वतःच्या खर्चाने जीपनीवाल्याच्या हाती परत धाडलं. तिचा नवरा रूबेन दारात उभा राहून त्या जीपनीकडे बघत होता. रूबेन बोटीवरचा आचारी, तीस वर्षं दर्यावर काढून घरी बसलेला. "छत्तीस," एवढंच तो म्हणाला, आणि आत गेला.

हे सगळं सुखात चाललं असताना एका बाईची चिठ्ठी आली. नाव मारिचू. तिने लिहिलं होतं: "मॅम, मी नेग्रोस बेटावरची. लग्न होऊन चार महिन्यांपूर्वी सान काल्लिस्तोत आले. बाजारात माझी ठरलेली अशी कुणी नाही. किलोभर म्हणून मासळी आणते आणि कढईत घातली की किलो दिसत नाही. इथे खरा काटा कुणाचा?"

मॅमने उत्तर दिलं की बाजाराच्या दारात नगरपालिकेने सार्वजनिक काटा ठेवलाय, शंका आली तर त्यावर तोलून बघावं. त्यावर मारिचूने लिहिलं. "गेले होते. काट्यावर रखवालदाराचा जेवणाचा डबा होता. ते म्हणाले, बाई, माझं जेवण झाल्यावर या."

आता यात रखवालदाराचा काय दोष? त्या काट्याकडे कुणी फिरकतच नाही. आमच्याकडे प्रत्येकाची ठरलेली असते. भाजीची एक, तांदळाची एक, मासळीची एक. तिला सोडून दुसरीकडे जायचं नाही, भावात फार ताणायचं नाही. बदल्यात ती तुमच्यासाठी चांगला माल मागे ठेवणार आणि वर 'दुगांग' घालणार, म्हणजे मापाबाहेरचं मूठभर, आपणहून. अशा बाईची पिशवी नेऊन सार्वजनिक काट्यावर तोलणं म्हणजे नवऱ्याचे खिसे त्याच्या आईदेखत तपासण्यासारखं आहे. ज्यांची ठरलेली कुणी नाही त्यांच्यासाठी तो काटा. आणि अशी माणसं आमच्याकडे असतात हेच कुणाच्या ध्यानात नव्हतं. मॅमच्याही नव्हतं. ते तिला लागलं.

"सात गाळे आहेत मासळीचे," ती रूबेनला म्हणाली. "सगळ्यांचा किलो तोलायचा. चौदा दिवस."

"सगळ्यांचा?" रूबेनने विचारलं. "नांग पानिंगचा पण?"

"तिला वगळलं तर लोक काय म्हणतील? आणि तिचा पहिला येईल, बघ तू."

नांग पानिंग ही मॅमची मासळीवाली. मॅमपेक्षा चार वर्षांनी मोठी, म्हणून 'नांग', थोरली बहीण. बावीस वर्षं मॅमने दुसरीकडून एक कोळंबी घेतलेली नाही. पण हे नातं मासळीपुरतं आहे असं कुणी समजू नये. एका वर्षी रूबेनच्या बोटीचा जपानच्या वर कुठेतरी पत्ता लागेना. एकोणीस दिवस. कंपनी फोन उचलेना, शेजारणी दारात येऊन रडून जायच्या, पाद्री येऊन धीर देऊन जायचे. पानिंग बाजार उठला की दुपारी यायची, काही बोलायची नाही, मॅमच्या मोरीत बसून मासे साफ करायची, कालवण टाकायची आणि मॅमने चार घास खाल्ले की जायची. विसाव्या दिवशी रूबेनचा आवाज फोनवर आला तेव्हा मॅमने पहिली धाव घेतली ती बाजारात, पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून. मॅम फिस्ताला विद्यार्थिनी शेकड्यांनी, वाचक हजारांनी, पण मैत्रीण म्हणाल तर ही एकच.

तर तोलणं सुरू झालं. मॅमने पानिंगच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या गाळ्यावर उभं राहणं शक्य नव्हतं, म्हणून बाकीच्या सहा जणींकडे आळीपाळीने रूबेनला धाडायचं ठरलं. त्याला सक्त ताकीद, बांगडेच आणायचे, साफ करून घ्यायचे नाहीत, आणि तोंड उघडायचं नाही. पण रूबेनच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यातून उंचापुरा, बोटीवरून आलेला, गाणं गुणगुणणारा माणूस. मासळीवाल्यांनी त्याला खुर्ची दिली. कारण त्याने सांगितलं नाही एवढी मेहेरबानी, मग कारण बायांनीच शोधलं. चौथ्या दिवशी बाजारभर झालं की मॅमचं आणि पानिंगचं बिनसलंय.

पाचव्या दिवशी मॅम गाळ्यावर गेली तेव्हा पानिंग एक बांगडा तिच्या तोंडासमोर धरत म्हणाली, "बघा मॅम, डोळे कसे आहेत! माझ्या नवऱ्यापेक्षा जास्त जिवंत. आणि काय हो, तुमचे साहेब लुर्दच्या गाळ्यावर दिसले म्हणे?"

"पाहुणे आलेत घरी," मॅम म्हणाली. "जास्त लागते मासळी."

"मग मला नाही का सांगायचं? माझ्याकडे काय समुद्र आटला?" पानिंगने किलो तोलला, पिशवी बांधली, मग नेहमीसारखी एक छोटी वेगळी पिशवी भरली आणि वर ठेवली. "हे मांजराला."

मॅमचं मांजर नऊ वर्षांपूर्वी मेलं होतं. पानिंगला ते माहीत होतं; त्याला पुरायला खड्डा तिनेच खणला होता. तरी दुगांग 'मांजराला' म्हणून यायचं ते यायचंच आणि रूबेन त्याचं व्हिनेगर घालून आटवलेलं कोरडं कालवण करून सकाळी भाताबरोबर खायचा. मॅम गाळ्यावरून निघाली तेव्हा तिचे कान तापले होते. एकतीस वर्षं पोरींना खरं बोला म्हणून शिकवलं, आणि ब्लॉगसाठी, म्हणजे खऱ्यासाठीच, पहिलं खोटं ती पानिंगशी बोलली होती.

चौदा दिवस घरात नुसते बांगडे. तळलेले, आंबट, शिजवलेले, वाळवलेले. शेजाऱ्यांना वाटले, तर ते आधी हसून घ्यायचे, मग मॅम येताना दिसली की दिवे घालवून बसायला लागले. दोन दिवस रूबेनने सरळ दांडी मारली. मॅम मात्र आलेली मासळी दहा मिनिटं चाळणीत निथळत ठेवायची, मग शाळेतला तिचा जुना काटा, ज्याच्या खरेपणाबद्दल ती चर्चमध्ये शपथ घेईल, त्यावर तोलून आकडा लिहायची. पंधराव्या दिवशी तिने सरासरी काढली. लुर्दचा किलो नऊशे पंच्याऐंशी ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ देवमाणूस. बाकीचे साडेनऊशेच्या आसपास, चालायचंच. आणि सर्वांत खाली नांग पानिंग. आठशे नव्वद.

मॅमने परत बेरीज केली. मग काटा साखरेच्या पुड्यावर तपासला. मग ओट्याशीच पाट घेऊन बसली.

"मापात पाप," ती म्हणाली. "माझ्याशी. बावीस वर्षं."

रूबेन लसूण सोलत होता. "मांजराचं धरलंस का त्यात?"

"दुगांग कुणी तोलतं का? ती भेट असते."

"पण आली तर तिच्याच टोपलीतून ना?"

"रूबेन, मुलीने दुबईहून पैसे पाठवले तर ते तुझ्या पगारात धरायचे का?"

"मला पगार होता तेव्हा मी सगळंच धरायचो," रूबेन म्हणाला. "तोलून तर बघ."

मॅमला ते पटलं नाही, पण तोलायचं म्हटल्यावर तिला राहवत नाही. त्या सकाळची छोटी पिशवी अजून फ्रिजमध्ये होती. एकशे पन्नास ग्रॅम. मग पुढचे चार दिवस तिने दोन्ही तोललं. किलो अधिक मांजर, दर खेपेला हजारच्या वर. एक हजार चाळीसच्या आसपास. सातांत पहिली!

मॅमला इतका आनंद झाला की तिने रूबेनच्या टकलाचा मुका घेतला. लिहायला बसली. "नांग पानिंगचं माप झुकतं आहे," असं पहिलं वाक्य लिहिलं. दुसरं वाक्य लिहायला बोटं उचलली आणि तशीच राहिली, कारण दुसऱ्या वाक्यात मारिचू आली. मारिचूला कुणी मांजराचं देत नाही. ती गाळ्यावर जाते, भाव विचारते, आठशे नव्वद ग्रॅम घेऊन घरी येते, आणि कढईत बघून स्वतःच्याच हिशोबाला दोष देते.

"मी मारिचू असते तर?" तिने विचारलं.

"तू मारिचू नाहीस, लांगा," रूबेन लाडाने म्हणाला.

"तेच तर."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं. दोन दिवस ती घरात फिरत राहिली. पानिंगला वगळून लिहावं? मग साबणाच्या छत्तीस वड्या तरी परत का केल्या? नाव न घेता लिहावं? गावात सात गाळे. नाव गाळलेली बाई कोण हे शेंबडं पोर सांगेल. लिहूच नये? मग त्या नेग्रोसच्या पोरीने कुणाला विचारायचं? मॅमला खरंच वाटत होतं की आपण पंख्यांवर आणि छत्र्यांवरच थांबायला हवं होतं. पंख्याला तोंड दाखवायला लागत नाही.

तिसऱ्या दिवशी बाजार उठायच्या वेळी ती गाळ्यावर गेली. पानिंग फळी धूत होती. मॅमने ताकाला जाऊन भांडं लपवलं नाही. जे केलं ते सगळं सांगितलं: चौदा दिवस, सात गाळे, आठशे नव्वद.

पानिंगने नळ बंद केला. "काटा खातो, मला ठाऊक आहे," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, गोड. "सासूबाईंच्या वेळेपासून खातो. मॅम, इथे येणारा प्रत्येक जण घासाघीस करतो. दहा कमी कर, वीस कमी कर. बर्फ कुणी फुकट देतं का? मग जे तोंडाने सोडते ते काटा परत घेतो. काटा परक्यांसाठी असतो. आपल्या माणसांना मी हाताने देते. तुम्हाला कधी कमी पडलं?"

"नाही. मला जास्तच मिळालं. ते पण तोललंय मी."

"मग झालं तर."

"पण परकी आली तर? नवी सून, एखादी शिक्षिका? तिने काय पाप केलंय?"

"मग तिने यावं की रोज! चार महिने येऊ दे, तिलाही हाताने देईन. तुम्ही पहिल्या दिवशी आलात तेव्हा तुम्हाला काय मिळालं असेल?" पानिंग हसली. "आठवडाभर दिलंय तुम्हाला मी आठशे नव्वद. मग तुम्ही माझ्या पोरीला, जेसिबेलला, शाळेत शिवण शिकवलंत, आणि तेव्हापासून माझ्या हाताला तुमचं घर माहीत झालं."

 मॅमला वाटलं होतं पानिंग रडेल किंवा शिव्या देईल. दोन्हींची तिने तयारी केली होती.

"नांग, नवा काटा घे," ती शेवटी म्हणाली. "या आठवड्यात घे. मी थांबते. मग तुझा खरा किलो लिहीन."

"आणि आत्तापर्यंतचा?"

"तोही लिहावा लागेल."

"लिहा की. तुम्ही खोटं लिहिलंत तर माझीच मान खाली जाईल, मी सगळ्यांना सांगत असते की मॅम माझी आहे." पानिंगने फडकं पिळलं, फळीवर नीट पसरलं. मग पहिल्यांदाच तिने मॅमकडे सरळ बघितलं. "फक्त एक सांगते. बावीस वर्षं तुम्ही पैसे दिलेत, मी मुठीत घेतले आणि डब्यात टाकले. एकदाही मोजले नाहीत. आणि तुम्ही माझी मासळी घरी नेऊन तोललीत."

 मॅम म्हणाली, "येते, नांग," आणि पानिंग म्हणाली, "या, मॅम, सावकाश जा," तेवढ्याच गोड आवाजात.

मॅमने आठवडा वाट पाहिली. पानिंगने खरोखर नवा काटा आणला, हिरवे आकडे चमकणारा, इलोइलोहून. मग एका दुपारी मॅमने लिहिलं. सातही नावं, सातही आकडे. पानिंगच्या नावापुढे आठशे नव्वद, आणि खाली: आता नवा काटा, तीनदा तोलला, तिन्ही वेळा पुरा हजार. दुगांगबद्दल एक ओळ, की ते ओळखीच्यांनाच मिळतं आणि नव्या माणसाने ते हिशोबात धरू नये. शेवटी लिहिलं, "ही माझी मैत्रीण आहे आणि हे लिहिताना मला वाईट वाटलं." रूबेनने वाचलं, चष्मा काढला. "पंख्यापेक्षा चांगलं लिहिलंयस," तो म्हणाला. "पाठव."

गावात चार दिवस दुसरा विषय नव्हता. काही जण म्हणाले, मॅमला आता मीठच तोलत बसू दे. लुर्दने रूबेनला परत खुर्ची दिली. सार्वजनिक काट्यावरून डबा हलला. रखवालदार तो आता मांडीवर घेऊन जेवतो आणि मॅम दिसली की तोंड फिरवतो. मारिचूने लिहिलं, "मॅम, देव तुमचं भलं करो." एकवीस नव्या सुना आणि दोन परगावचे शिक्षक यांनी तसंच लिहिलं. पानिंगचं नुकसान होईल म्हणून मॅमला झोप नव्हती, तर झालं भलतंच. सान काल्लिस्तोमध्ये एकच काटा असा, ज्याचं खरेपण छापून आलंय! परक्यांची रीघ लागली तिच्या गाळ्यावर. रूबेन येऊन सांगायचा, "आज नऊलाच टोपली रिकामी." मॅम म्हणायची, "बरं झालं." खरंच बरं वाटायचं तिला. पण बाजारात ती गेली नाही. उद्या जाईन, उद्या जाईन, असं बारा दिवस चाललं.

तेराव्या दिवशी ती केस विंचरून गेली. गाळ्यासमोर रांग होती. बावीस वर्षांत मॅम या गाळ्यावर कधी रांगेत उभी राहिली नव्हती. ती दिसली की पानिंग फळीखालून राखून ठेवलेली पिशवी काढायची. आज ती सहाव्या नंबरवर उभी राहिली. पानिंगने तिला पाहिलं, मान हलवली, आणि हातातलं काम चालू ठेवलं.

मॅमच्या पुढे एक तरुण बाई होती, कडेवर मूल. तिचे बांगडे तोलून झाले. हिरवा आकडा बरोबर एकावर थांबला. मग पानिंगचा हात टोपलीत परत गेला, एक छोटी पिशवी भरून वर आला. "हे बाळाला," ती म्हणाली. "काटा काढून टाक हं." त्या बाईने हसून पिशवी घेतली.

मॅम पुढे झाली. "नांग," ती म्हणाली.

"बोला, मॅम. काय देऊ?" इतका गोड आवाज की मागच्या रांगेतल्यांना वाटलं असेल, किती हे प्रेम.

"बांगडे. एक किलो."

पानिंगने बांगडे घातले. एक लहान काढला, दुसरा टाकला. आकडा एकाच्या खाली दोन ग्रॅम होता; तिने तोही बदलला. पुरा हजार. काटा मॅमच्या बाजूला फिरवून तिला दाखवला, पिशवी बांधली, हातात दिली. मॅम हलली नाही. क्षणभर तिचा मोकळा हात फळीवर तसाच पुढे राहिला.

"एकशे चाळीस पेसो, मॅम."

मॅमने नोटा दिल्या. पानिंगने त्या एकेक करून मोजल्या. मग परत मोजल्या, डब्यात ठेवल्या, आणि मॅमच्या खांद्यावरून मागे बघत म्हणाली, "पुढचं कोण?"